मधमाश्यांची भाषा ओळखणारे कार्ल फॉन फ्रिश



गुरुजींनी थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी राजे आणि पुढारी घेतले. मी मधमाश्यांचा माणूस घेतला. त्यांचे नाव कार्ल फॉन फ्रिश. मधमाश्या एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात आणि तोही नाचून सांगतात, हे त्यांनी शोधून काढले.

कार्ल यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८६ रोजी ऑस्ट्रिया देशातील व्हिएन्ना शहरात झाला. वडील शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर होते. चार भावांत कार्ल सर्वांत धाकटा. त्याला प्राणी पाळायचा भारी नाद! पक्षी, मासे, किडे, जे सापडेल ते घरी आणायचा. काय काय पाळले ते वहीत लिहून ठेवायचा. ती यादी १२३ जातींची झाली. आमच्याकडे मांजराचं एक पिल्लू आणलं तरी आजी घर डोक्यावर घेते. सुट्टीत ते सगळे ब्रुनविंकल नावाच्या जागी जात. तेथे तळ्याकाठी एक जुनी पाणचक्की होती. ती त्यांच्या घरच्यांनी विकत घेतली होती. हे ठिकाण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कार्लने डॉक्टर व्हावे असे वडिलांना वाटे. म्हणून त्याने आधी तो अभ्यास सुरू केला. पण मन प्राण्यांकडेच. मग ते सोडून तो प्राणिशास्त्र शिकायला जर्मनीतील म्यूनिक शहरी गेला, आणि पुढे प्राध्यापक झाला.

त्या काळी पुष्कळ विद्वान म्हणत की माशांना ऐकू येत नाही. फ्रिश यांनी एक आंधळा मासा पाळला. तो पाण्यात एका नळीत लपून बसायचा. ते आधी शिट्टी वाजवत आणि मग त्याला खाऊ देत. असे काही दिवस केले. नंतर नुसती शिट्टी वाजली की मासा नळीतून बाहेर! डोळे नाहीत, म्हणजे त्याने शिट्टी ऐकलीच असणार. ही गोष्ट वाचून मला हसूच आलं, कारण आमचा मोती कुत्रासुद्धा एवढं ऐकत नाही.

मधमाश्यांना रंग दिसत नाहीत असेही एक मोठे प्राध्यापक म्हणत होते. फ्रिश यांना ते पटले नाही. रंग दिसत नसतील तर फुले रंगीत कशाला? त्यांनी निळ्या कागदावर साखरपाण्याची बशी ठेवून माश्यांना सवय लावली. मग निळा कागद पुष्कळ करड्या कागदांत मिसळला. काही करडे फिके होते, काही गडद. साखरपाणी काढून घेतले. तरी माश्या निळ्यावरच आल्या. १९१४ साली त्यांनी हे सर्व शास्त्रज्ञांना करून दाखवले. मधमाशीला लाल रंग मात्र दिसत नाही, तो तिला काळ्यासारखा वाटतो.

आता खरी गोष्ट. साल १९१९, गाव म्यूनिक. फ्रिश यांनी काचेची पेटी केली. तिच्यात एकच पोळे, म्हणजे आत काय चालले आहे ते बाहेरून दिसावे. बशीवर येणाऱ्या माश्यांच्या पाठीवर त्यांनी रंगाचा ठिपका लावला. बशीतले साखरपाणी संपले की माश्या घरी जाऊन गप्प बसत. मग त्यांनी बशी पुन्हा भरली. एक माशी आली, पाणी पिऊन घरी गेली आणि पोळ्यावर गोल गोल नाचू लागली! आजूबाजूच्या ठिपकेवाल्या माश्या जाग्या झाल्या आणि भराभरा बशीकडे उडाल्या. म्हणजे हिने जाऊन निरोप सांगितला! फ्रिश पुढे म्हातारपणीही हा दिवस विसरले नाहीत.

पुढे त्यांनी माश्यांना नंबर दिले. पांढरा ठिपका म्हणजे १, तांबडा २, निळा ३, पिवळा ४, हिरवा ५. पाठीच्या पुढच्या बाजूला लावला की एक आकडा आणि मागच्या बाजूला लावला की दुसरा. असे ठिपके लावून त्यांना शेकडो माश्या वेगवेगळ्या ओळखता येत. आमच्या वर्गात हजेरी घेतात तशी त्यांची माश्यांची हजेरी.

त्यांना दोन नाच दिसले. एक साधा गोल नाच. दुसरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा (आपल्या ८ सारखा नाही). त्यात माशी पोटाचा मागचा भाग हलवत सरळ रेषेत जाते, उजवीकडून वळून परत येते, पुन्हा सरळ जाते, मग डावीकडून परत येते. फ्रिश यांनी ठरवले की गोल नाच म्हणजे मध आहे आणि हलणारा नाच म्हणजे परागकण आहेत. तसे त्यांनी १९२३ साली छापूनही टाकले. सगळ्या जगाने ते मानले.

पण ते चूक होते!

मध्येच एक संकट आले. जर्मनीत हिटलरचे राज्य होते. फ्रिश यांच्या आजीचे घराणे मूळचे ज्यू होते, म्हणून १९४१ साली सरकारने त्यांना नोकरीवरून काढायचे ठरवले. आजी कोण होती यावरून नातवाला का काढायचे, हे मला अजून कळलेले नाही. पण त्याच वेळी मधमाश्यांना पोटाचा रोग आला होता आणि लाखो पोळी मरत होती. मधमाश्या नसतील तर फळे कशी धरणार? पिकाचे काय? रोगावर उपाय शोधायला फ्रिश पाहिजे होते. मग सरकारने काढायचा हुकूम लढाई संपेपर्यंत पुढे ढकलला. मला वाटते, माश्यांनी त्यांचे ऋण फेडले.

१९४४ साली म्यूनिकवर बॉम्ब पडले आणि त्यांचे घर नष्ट झाले. मग ते आपल्या ब्रुनविंकलला आले. तेथे माळ होता, जागा होती. त्यांनी साखरपाण्याची बशी पेटीपासून खूप लांब नेऊन ठेवली. बघतात तर काय, साखरपाणी आणणाऱ्या माश्यासुद्धा हलणारा नाच नाचत होत्या! तेव्हा त्यांना आपली चूक समजली. इतकी वर्षे बशी पेटीच्या जवळच ठेवलेली होती, आणि परागकण मात्र माश्या लांबच्या फुलांवरून आणत होत्या. फरक मध आणि परागकणांचा नव्हताच. फरक जवळ आणि लांबचा होता. सुमारे ५० मीटरच्या आत असेल तर गोल नाच, लांब असेल तर हलणारा नाच. वीस वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहून जाहीर केले की मी आधी सांगितले ते चूक होते. माझं गणित चुकलं तर मी गुरुजी यायच्या आत पुसून टाकतो. त्यांनी पुसले नाही.

आता पत्ता कसा सांगतात ते पाहा. भिंतीवरचे घड्याळ डोळ्यांपुढे आणा. पोळे भिंतीसारखे उभे असते. १२ चा आकडा म्हणजे सूर्य. माशी १२ कडे सरळ नाचली तर सूर्याच्या दिशेने जा. ६ कडे नाचली तर सूर्याकडे पाठ करून जा. ३ कडे नाचली तर सूर्याकडे तोंड करून उजव्या हाताला वळा. आणि किती लांब? ठिकाण १०० मीटरवर असेल तर ती १५ सेकंदांत ९-१० फेऱ्या मारते. ६ किलोमीटरवर असेल तर दोनच. पेटीत अंधार असतो, म्हणून बाकीच्या माश्या मिशांनी तिला चाचपत मागे मागे चालतात. तिच्या अंगाला फुलाचा वासही असतो. ढग आले तरी निळ्या आकाशाचा एक तुकडा दिसला की मधमाश्यांना सूर्य कुठे आहे ते कळते, हेही फ्रिश यांनीच शोधले.

१९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. लोरेन्झ आणि टिनबर्गन हे दोन शास्त्रज्ञ त्यांचे वाटेकरी होते. तरी काही शास्त्रज्ञ म्हणत की माश्या नुसत्या वासाने जातात, नाचाबिचाने नाही. १२ जून १९८२ रोजी फ्रिश म्यूनिक येथे वारले. त्यानंतर २००५ साली इंग्लंडमध्ये माश्यांच्या पाठीवर बारीकशी तार बसवून रडारवर पाहिले. नाच पाहिलेल्या माश्या नाचात सांगितलेल्या दिशेनेच गेल्या.

फ्रिश यांचे शिष्य लिंडाउअर श्रीलंकेत येऊन गेले होते. त्यांनी आपल्याकडच्या फुलोरी माशीचा नाच पाहिला. फुलोरी फांदीवर उघड्यावरच पोळे करते. पोळ्याच्या वरच्या सपाट भागावर ती नाचते आणि सरळ फुलांकडेच तोंड करते. घड्याळबिड्याळ काही लागत नाही.

आमच्या बांधावर बोरीत फुलोरीचे पोळे आहे. आप्पा मागच्या आठवड्यात ते काढणार होते, भाकरीबरोबर मध होईल म्हणून. मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले की बघू. मग रविवारी सकाळी आम्ही दोघे लांब उभे राहून बघत बसलो. एक माशी अंग हलवत पुन्हा पुन्हा विहिरीच्या बाजूला तोंड करत होती. विहिरीवर आमचा शेवगा फुललेला आहे. पोळे अजून बोरीतच आहे.

इयत्ता चौथी