मायकेल फॅरडे

लोहाराच्या घरी १७९१ साली जन्मलेल्या मायकेल फॅरडे यांचे खरे शिक्षण झाले ते पुस्तकबांधणीच्या दुकानात, बांधायला आलेली पुस्तके वाचून. उच्च गणित त्यांना अखेरपर्यंत परकेच राहिले. काच, गंधक, लाख हे रोधक पदार्थ विजेला केवळ अडवतात, असा त्या काळी समज होता. १८३७ च्या सुमारास फॅरडे यांनी पितळी गोलांची दोन सारखी उपकरणे घडवली. एकात हवा, दुसऱ्यात लाख. आपल्याकडे पळसा-बोरीवर मिळते तीच. विद्युतभार दोहोंत वाटला, तेव्हा लाखेच्या उपकरणाने अधिक वाटा घेतला! रोधकाच्या कणाकणावर विद्युतक्षेत्राचा ताण येतो, असे फॅरडे यांनी ताडले. गणिताविना मांडलेले हे विचार विद्वानांच्या पचनी पडेनात. पुढे मॅक्सवेल यांनी ते समीकरणांत बसवले. फॅरडे १८६७ मध्ये निवर्तले. पेरुंगुडीच्या कार्यालयांतील संगणकांतही कपॅसिटर असतात. त्यांची धारकता फॅरडे यांच्याच नावाच्या एककात मोजतात.