जेन्नरने जे छापलं नाही

एडवर्ड जेन्नर म्हटलं की तुम्हाला देवीची लस आठवणार. शाळेच्या पुस्तकात तो तेवढ्यापुरताच भेटतो ना! पण लशीच्या आधीची त्याची एक गोष्ट आहे, हृदयाची.

जन्म १७४९ चा. इंग्लंडमधल्या बर्कली गावचा हा मुलगा एकविसाव्या वर्षी, म्हणजे तुमच्याच वयात, लंडनला शिकायला गेला. गुरू मिळाला जॉन हंटर. नावाजलेला सर्जन, पण स्वभावाने तापट. जेन्नर त्याच्या घरीच राहिला. गावी परतून डॉक्टरकी सुरू केली तरी दोघांची पत्रं चालूच होती. त्यात पक्षी काय, हेजहॉग काय, सगळंच असायचं.

छातीत कळ येण्याच्या दुखण्याला तेव्हा अंजायना हे नाव नुकतंच मिळालं होतं. कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. हाच त्रास असलेल्या एका माणसाचं हृदय जेन्नर मृत्यूनंतर तपासत होता. सुरी अशा टणक वस्तूवर अडली की पात्याला खाच पडली. छत जुनं होतं, गिलावा पडला असेल म्हणून त्याने वर पाहिलं. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्याच हाडासारख्या झाल्या होत्या!

खरी पंचाईत पुढे होती. अंजायना हंटरलाही होता. हे छापलं तर आपल्या आत काय चाललंय ते गुरूला कळणार, आणि उपाय तर कुणाकडेच नाही. जेन्नर गप्प राहिला. आज असं लपवणं मला पटत नाही, पण त्याच्या जागी मी तरी काय केलं असतं?

१६ ऑक्टोबर १७९३ ला हॉस्पिटलच्या बैठकीत वाद झाला आणि हंटर कोसळला, तो गेलाच. शवविच्छेदनात त्याच्याही धमन्या तशाच निघाल्या. जेन्नरचं निरीक्षण छापून आलं १७९९ मध्ये, कॅलेब पॅरी या मित्राच्या पुस्तकात.

तेच कॅल्शियम आज जिवंत माणसाच्या सीटी स्कॅनमध्ये मोजता येतं. त्या आकड्याला कॅल्शियम स्कोअर म्हणतात. शून्य म्हणजे काही दिसलं नाही, चारशेच्या वर म्हणजे धोका बराच. आणि आता कळल्यावर द्यायला औषधंही आहेत. मात्र उद्याच स्कॅनला पळू नका. धमनीतला चरबीचा थर आधी मऊ असतो, कॅल्शियम मागाहून साठतं. त्यामुळे विशीतला शून्य फारसं काही सांगत नाही. तुमच्या वयात कोलेस्टेरॉल, बीपी, सिगारेट आणि घरात कुणाला कमी वयात अटॅक आला होता का, यावरूनच डॉक्टरांना जास्त कळतं.