सूर्यग्रहणांची प्रवासिनी

खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी सहल काढण्याची कल्पना अलीकडची वाटत असली, तरी तिचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. आगबोटी आणि आगगाड्या यांच्यामुळे दूरचे देश जवळ आले. मग ग्रहणाच्या सावलीचा पट्टा जगाच्या ज्या कोपऱ्यातून जाणार असेल, तिथे दुर्बिणी घेऊन पोहोचण्याची उमेद हौशी खगोलप्रेमींनाही वाटू लागली. ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही १८९० साली स्थापन झालेली संस्था अशा सहलींत अग्रेसर होती. तिच्या सदस्यांमध्ये शिक्षक होते, व्यापारी होते, आणि विशेष म्हणजे स्त्रियाही होत्या. या सहलींनी अनेकांना एक अविस्मरणीय दृश्य दाखवले. अॅनी माँडर यांना मात्र त्यांनी विज्ञानातले हिरावलेले स्थान परत मिळवून दिले. त्यांच्या कीर्तीचा पाया ज्या छायाचित्राने घातला, ते वऱ्हाडातल्या तळणी या गावी घेतले गेले होते.

अॅनी स्कॉट डिल रसेल यांचा जन्म १४ एप्रिल १८६८ रोजी आयर्लंडमधील स्ट्राबेन या गावी झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. घरात पैशाची सुबत्ता नव्हती, पण मुलींनी शिकावे याला विरोधही नव्हता. बेलफास्टच्या शाळेतून त्या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गेल्या आणि १८८९ साली गणिताच्या अवघड ट्रायपॉस परीक्षेत त्यांनी वरच्या श्रेणीत यश मिळवले. मात्र केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देत असे, पदवी देत नसे. ही पदवी स्त्रियांना मिळू लागली ती १९४८ साली, म्हणजे अॅनी यांच्या निधनानंतर. गणितात एवढे यश मिळवलेल्या या तरुणीने प्रथम जर्सी बेटावरच्या मुलींच्या शाळेत शिकवण्याचे काम पत्करले.

१८९१ मध्ये त्या ग्रिनिचच्या राजकीय वेधशाळेत दाखल झाल्या. पद होते गणनिकेचे, पगार महिन्याला अवघा चार पौंड. शाळेतल्या कामापेक्षा हा मोबदला कमी होता. पण आकाशाशी नाते जोडण्याची ही संधी त्यांनी सोडली नाही. सौरविभागात रोज सूर्याची छायाचित्रे घ्यायची, काचेवरील प्रतिमेतले डाग मोजायचे आणि त्यांची स्थाने गणिताने निश्चित करायची, असे ते काम होते. विभागाचे प्रमुख होते एडवर्ड वॉल्टर माँडर. पाच मुलांचे पिता असलेले हे विधुर गृहस्थ अॅनी यांच्याहून सतरा वर्षांनी मोठे होते. सहवासातून स्नेह जुळला आणि १८९५ च्या डिसेंबरात दोघे विवाहबद्ध झाले.

या विवाहाची किंमत अॅनी यांना ताबडतोब मोजावी लागली. विवाहित स्त्रीने सरकारी नोकरीत राहू नये असा नियम होता. वॉल्टर यांचे पद अबाधित राहिले. अॅनी यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या दुर्बिणीने त्या रोज सूर्य टिपत होत्या, तिच्यावरचा त्यांचा हक्क संपला. त्याआधी, १८९२ साली, रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते, तेही स्त्री असल्यामुळे नाकारले गेले. अधिकृत विज्ञानाचे दरवाजे असे एकामागोमाग एक बंद होत असताना हौशी मंडळींची संघटना तेवढी उघडी होती. तिच्या नियतकालिकाचे संपादन अॅनी १८९४ पासून करत होत्या. ग्रहणाच्या सहलींतही तिथे स्त्रियांना मज्जाव नव्हता.

विवाहानंतर काही महिन्यांतच असा पहिला प्रवास घडला. ९ ऑगस्ट १८९६ चे ग्रहण नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, वाडसो येथून दिसणार होते. संस्थेच्या सदस्यांना घेऊन जहाज तिथवर गेले. पण ऐन वेळी आकाश ढगांनी भरले आणि साऱ्या तयारीवर पाणी पडले. या सहलीत मेरी ऑर आणि जॉन एव्हरशेड हे दोन खगोलप्रेमीही होते. पुढे १९०६ साली ते विवाहबद्ध झाले आणि कोडाईकनालच्या वेधशाळेत आले.

पुढचे ग्रहण २२ जानेवारी १८९८ चे. त्याची सावली कोकण किनाऱ्यावरून शिरून महाराष्ट्र ओलांडत ईशान्येकडे जाणार होती. जानेवारीत इथले आकाश निरभ्र असते, त्यामुळे जगभरातील खगोलशास्त्रज्ञांचे डोळे या पट्ट्याकडे लागले. सर नॉर्मन लॉकयर विजयदुर्गाच्या किल्ल्यावर उतरले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांच्या छावण्या पडल्या. मुंबई इलाखा तेव्हा प्लेगने हैराण झाला होता आणि आदल्या वर्षीच्या दुष्काळाच्या झळाही ओसरल्या नव्हत्या. अशा दिवसांत हौशी संस्थेची मंडळी समुद्रमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांतील एक गट बक्सरला गेला. माँडर दांपत्य आणि एव्हरशेड हे दुसऱ्या गटासह तळणीला आले. तळणी हे नागपूर-भुसावळ लोहमार्गावर, धामणगाव आणि पुलगाव यांच्या दरम्यानचे लहानसे स्थानक.

अॅनी यांनी सोबत आणलेला कॅमेरा लहानच होता. गर्टन कॉलेजने दिलेल्या संशोधनवृत्तीतून, आकाशगंगेची छायाचित्रे घेण्यासाठी तो तयार करवून घेतला होता. त्याचे भिंग जेमतेम दीड इंच व्यासाचे. पण ते आकाशाचा विस्तृत भाग एकाच वेळी टिपू शकत होते. मोठ्या संस्थांच्या लांबलचक दुर्बिणी सूर्यबिंबालगतचे बारकावे दाखवत. बिंबापासून दूर पसरलेला प्रभाकिरीटाचा मंद प्रकाश मात्र त्यांच्या आटोक्यात नव्हता. प्रभाकिरीटाचे तेज कडेपासून झपाट्याने घटत जाते. त्याची अगदी बाहेरची टोके टिपायची तर भिंग विस्तृत क्षेत्र पाहणारे हवे, हे अॅनी यांनी ओळखले होते.

तळणीला खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची होती. तेवढ्या अवधीत काचा बदलायच्या, उघडीप मोजायची आणि हात थरथरू द्यायचा नाही. चूक झाली तर ती सुधारण्याची संधी नाही. अॅनी यांनी ते साधले. काच धुतल्यावर दिसले की, सूर्यापासून एक किरणशलाका सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे चौदा पट अंतरापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर लांब गेली आहे. एवढी लांब शलाका तोवर कोणाच्याही छायाचित्रात आलेली नव्हती. ज्यांच्या नावापुढे कोणतेही पद नव्हते, अशा एका सहप्रवासिनीचे हे यश होते.

या शलाकेचे महत्त्व केवळ विक्रमाचे नव्हते. सूर्यावर मोठे डाग दिसले की काही वेळा पृथ्वीवर चुंबकीय वादळे होतात, हे माहीत होते. पण सूर्याचा परिणाम इतक्या दूर पोहोचतो कसा, याबद्दल मतभेद होते. लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने हा संबंधच अमान्य केला होता. सूर्यातून अरुंद झोत बाहेर पडतात आणि पृथ्वी त्यांच्या वाटेत आली की वादळ होते, असे मत माँडर दांपत्याने पुढे मांडले. तळणीची शलाका या विचाराला बळ देणारी होती. सूर्यातून सतत बाहेर पडणाऱ्या सौरवाताचा सिद्धान्त युजीन पार्कर यांनी मांडला तो १९५८ साली.

तळणीनंतरही त्यांचे प्रवास चालू राहिले. १९०० मध्ये अल्जीयर्स आणि १९०१ मध्ये मॉरिशस येथे त्यांनी ग्रहणाची छायाचित्रे घेतली. मॉरिशसला वॉल्टर सरकारतर्फे गेले होते, तर अॅनी यांच्याकडे कोणतेही पद नव्हते. १९०५ साली कॅनडाच्या मोहिमेबरोबर दोघे लॅब्राडोरला गेले, आणि तिथे पुन्हा ढगांनी घात केला.

घरी परतल्यावर डागांच्या नोंदींचे काम होतेच. सौरडागांची स्थाने वर्षानुवर्षे कशी सरकतात, हे दाखवणारा फुलपाखरासारखा आलेख दोघांनी मिळून तयार केला. १९०४ मधील निबंधावर मात्र वॉल्टर यांचेच नाव आहे. त्या आलेखाची मूळ प्रत अॅनी यांनी जपली आणि ती पुढे अमेरिकेतील बोल्डर येथील संस्थेकडे गेली. १९०७ साली डागांच्या पूर्व-पश्चिम विषम विभागणीवरील निबंध त्यांनी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. १९०८ च्या ‘द हेवन्स अँड देअर स्टोरी’ या पुस्तकावर दोघांची नावे असली, तरी ते बहुतांशी पत्नीने लिहिले आहे, हे वॉल्टर यांनी प्रस्तावनेतच मोकळेपणाने नमूद केले.

पहिल्या महायुद्धात पुरुष कर्मचारी रणांगणावर गेले, तेव्हा ग्रिनिचला अॅनी यांची आठवण झाली. १९१५ ते १९२० या काळात त्यांनी तिथे विनावेतन काम केले. १९१६ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना प्रवेश दिला आणि नकारानंतर चोवीस वर्षांनी अॅनी सदस्य झाल्या. १९२८ साली वॉल्टर यांचे निधन झाले. अॅनी यांनी १५ सप्टेंबर १९४७ रोजी लंडनमध्ये अखेरचा श्वास घेतला.

सतराव्या शतकात सूर्यावरील डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. त्या काळाला १९७६ साली जॉन एडी यांनी माँडर यांचे नाव दिले, आणि अनेक वर्षे ते एकट्या वॉल्टर यांचेच मानले गेले. २०१६ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने लोकांपर्यंत विज्ञान पोहोचवणाऱ्यांसाठी अॅनी माँडर पदक सुरू केले. २०१८ मध्ये ग्रिनिचला बसवलेल्या नव्या दुर्बिणीलाही त्यांचेच नाव मिळाले. लग्नाच्या कारणावरून जिला वेधशाळेबाहेर जावे लागले, तिचे नाव आज त्याच वेधशाळेच्या दुर्बिणीवर आहे. तळणीच्या त्या दोन मिनिटांची नोंद वऱ्हाडच्या इतिहासातही असायला हवी.