डॅशबोर्डमागचा माणूस

मूर्तिजापूर मागे टाकून आम्ही अकोल्याकडे निघालो होतो. दिवस मावळला होता. मागच्या सीटवर दोन नातवंडे पेंगत होती. मेहुण्यांनी हेडलाइट लावले आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डखालून धुराची बारीक रेघ वर आली. जळक्या प्लॅस्टिकचा वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. गाडी कडेला घेतली, पोरांना खाली उतरवले, बॉनेट उघडून बॅटरीची तार उपसली. धूर थांबला. पोरांना गंमत वाटली. आम्हा दोघांचे हातपाय मात्र बराच वेळ कापत होते.

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. ते गेले, पण दर पाच वर्षांनी आरटीओची तपासणी करून घेऊन मेहुण्यांनी ती जपली. दुसऱ्या दिवशी घरात एकच विषय होता: गाडी भंगारात द्यायची की वायरिंग नव्याने करायचे? मुले म्हणत होती, द्या काढून. मेहुणे गप्प होते. शेवटी अकोल्यातल्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवू, ते सांगतील तसे करू, असे ठरले.

मिस्त्रींनी पहिल्यांदा बॅटरी सोडवली, मग मीटरची पट्टी अलगद बाहेर ओढली. त्यामागे जे दिसले ते पाहून मला घरातल्या जुन्या कपाटाची आठवण झाली. वऱ्हाडातल्या उन्हाने, पारा पंचेचाळिशीपार नेणाऱ्या किती उन्हाळ्यांनी, तारांवरचे आवरण कडक होऊन तडकले होते. काही ठिकाणी उंदरांनी हात मारला होता. बाकीचे पाप आमचे. टेपरेकॉर्डर, छोटा पंखा, धुक्यातले दिवे, अलीकडे मोबाईलचा चार्जर. जे जे आले ते त्याच एका तारेला पिळून, वर काळी पट्टी गुंडाळून जोडलेले. आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. फ्यूज सारखा उडतो म्हणून बडनेऱ्याच्या रस्त्यावर, काही वर्षांपूर्वी, ती चांदी मीच गुंडाळली होती. मिस्त्रींनी ती चिमटीत धरून नुसती माझ्यापुढे केली. ते काही बोलले नाहीत.

पुढचे चार दिवस मी त्यांच्या शेडमध्ये स्टुलावर बसून होतो. प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी लागत होती आणि माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. ही गाडी आपल्या गावापर्यंत आणली कोणी? उत्तर सगळ्यांना ठाऊक असलेले, पण आता कोणी फारसे न आठवणारे: वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजराती जैन कुटुंबात झाला. आई लहानपणीच गेली. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण झाले, पण पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेतली कारकुनी सोडलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. आपली शकुंतला ज्या अडीच फुटी रुळांवरून धावली, तोच गेज त्या बार्शी रेल्वेचा. पुढे बोरघाटातले बोगदे, तानशाहून मुंबईला येणारी जलवाहिनी अशी कामे त्यांनी केली. प्रवासी बोगद्यातून जातो, नळाचे पाणी पितो. ते कोणी बांधले हे विचारत नाही. वालचंदांच्या आयुष्याचा पहिला भाग अशा न दिसणाऱ्या कामांत गेला.

मग त्यांची नजर समुद्राकडे वळली. महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी इस्पितळासाठी वापरलेले लॉयल्टी हे जहाज नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण व्यवहार म्हणून पाहाल तर लॉयल्टी तोट्यात गेले आणि १९२३ मध्ये मोडीत निघाले. इंग्रज कंपन्यांनी दर पाडून सिंदिया कंपनीला जेरीस आणले. तरी कंपनी टिकली. १९२९ पासून १९५० पर्यंत वालचंद तिचे अध्यक्ष होते. दरम्यान रावळगावात आणि इंदापूरजवळच्या वालचंदनगरात उसाची शेती आणि साखर कारखाने उभे राहिले.

बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात माझी उमर गेली. खरे सांगायचे तर या माणसाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो मंजूर केला नसता. एक उद्योग पायावर उभा राहण्याआधी त्यांचे दुसऱ्याकडे लक्ष. १९३९ मध्ये पॅसिफिक ओलांडताना विमानात विल्यम पॉली हा अमेरिकन भेटला. त्या ओळखीतून, म्हैसूर संस्थानाच्या साथीने, डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला. १९४२ मध्ये तो सरकारने ताब्यात घेतला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणीची पायाभरणी झाली. तिथे बांधलेले जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

मोटारीचे स्वप्न सर्वांत चिवट निघाले. विश्वेश्वरय्या त्यासाठी झटत होते, वालचंद त्यांच्याबरोबर होते. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमली. पण युद्धासाठी या कारखान्याची गरज नाही असे म्हणत इंग्रज सरकारने मदत नाकारली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली. ती अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांची जुळणी होती. टीकाकार म्हणत, हे कसले स्वदेशी, ही तर खोकी उघडण्याची फॅक्टरी. टीका अगदीच खोटी नव्हती. पण जुळणी करता करता माणसे शिकतात, आणि मागणी दिसली की सुटे भाग करणारेही उभे राहतात. १९५१ मध्ये बंगळूरला मिको निघाली, साठच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासकडे लुकास-टीव्हीएस. स्पार्क प्लग, डायनामो, सेल्फ हळूहळू इथेच होऊ लागले. आमच्या मिस्त्रींच्या पिढीचे हात त्यातूनच तयार झाले.

इकडे मिस्त्री मला गाडीची वीज समजावून देत होते. घरासारख्या दोन तारा मोटारीत प्रत्येक दिव्याला जात नाहीत. जाणारी तार एक; परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. तो जिथे गंजतो तिथे वाट अडते आणि दिवा मिणमिणतो. दोष बल्बचा नसतो. १२ व्होल्टवर ६० वॅटचा एक दिवा ५ अँपिअर ओढतो, दोन लावले की १०. प्रवाह दुप्पट झाला तर तारेतली उष्णता चौपट होते. म्हणून हेडलाइटचा भार आता डॅशबोर्डच्या बटणावरून न नेता रिलेवरून नेला. टेप, पंखा, चार्जर यांना वेगवेगळ्या तारा आणि वेगवेगळे फ्यूज दिले. पिळलेले जोड जाऊन दाबून बसवलेली टोके आली. इंजिनाकडच्या पत्र्यातून तारा जिथे आत येतात तिथे रबराची नवी बुचे लागली, नाहीतर पत्र्याची धार आवरण कापते. आणि प्रत्येक अर्थची जागा घासून चकचकीत केली.

फ्यूज ही तारेतली मुद्दाम कमकुवत ठेवलेली जागा. ती जळते म्हणून बाकीचे वाचते. वालचंदांनी स्वतःसाठी अशी जागा ठेवली नसावी. जहाजे, साखर, बांधकाम, मोटारी, सगळा भार एका देहावर. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत सांभाळले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे ते वारले. फियाट ५०० त्यांच्या हयातीत १९५१ पासून कुर्ल्यात जुळू लागली होती. पण जिच्यातून पुढे आपली पद्मिनी आली ती फियाट ११०० भारतात आली १९५४ मध्ये. अमरावतीच्या डॉक्टरांच्या दारात आणि अकोल्याच्या वकिलांच्या अंगणात जी गाडी मानाने उभी राहिली, ती या माणसाने पाहिलीच नाही.

पुढे त्या गाडीचे व्हायचे ते झाले. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबणारी गिऱ्हाइके आणि स्पर्धेचे भय नसलेला कारखाना. मग बदलायची घाई कोणाला? नवी वाहने आली आणि २००० च्या सुमारास पद्मिनी बंद पडली. याचा दोष वालचंदांना देता येणार नाही. पण आरंभ करणाऱ्याची जिद्द वारसाहक्काने मिळत नाही, हेही खरे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बॅटरी जोडली. किल्ली फिरवताच चार्जिंगचा लाल दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. पेट्रोलचा काटा कित्येक वर्षांनी हलला. दार उघडले की छतातला दिवा लागू लागला; तो लागतो हेच आम्ही विसरलो होतो. खर्च गाडीच्या भंगाराच्या किमतीपेक्षा जास्त झाला. मेहुण्यांनी तो निमूटपणे दिला.

त्या रविवारी आम्ही अमरावतीला गेलो. नातवंडे बरोबर होती. त्यांच्या आईने आधी मिस्त्रींना स्वतः जाऊन विचारले, मगच त्यांना पाठवले. परतताना मूर्तिजापूरजवळ अंधार पडला. मेहुण्यांनी हेडलाइट लावले. थोडा वेळ आम्ही दोघेही नाकाने श्वास ओढत राहिलो. काही वास आला नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात आता जादा फ्यूजची डबी असते. चांदीचा कागद नसतो.