मूळ संख्या, चांदीची नाणी आणि दामोदर कोसंबी

स्मरणिकेसाठी यंदा एखाद्या गणितज्ञाचे चरित्र घ्यावे असे ठरले, तेव्हा पहिले नाव निघाले ते देवळालीच्या कापरेकर मास्तरांचे. ६१७४ या आकड्याची त्यांची गंमत आपल्या शाळांतल्या मुलांनाही ठाऊक आहे. म्हणूनच आम्ही दुसरे नाव निवडले. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव इतिहासाच्या वाचकांना चांगले परिचित आहे. पण हा माणूस पोटापाण्याने आणि मनानेही गणिती होता, हे त्यांच्यापैकी पुष्कळांच्या लक्षात नसते. शिवाय ते गोव्याचे. चोर्ला घाटाच्या खाली राहणाऱ्यांना आपण बेळगाव-निपाणीकर परके मानत नाही. त्या काळी मुरगावहून पुण्याला जाणारी आगगाडीही लोंढा, बेळगाव, मिरज अशी आपल्याच दारावरून जाई.

वडील धर्मानंद कोसंबी हे सांखवाळचे. बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असे हिंडलेले आणि पुढे पालीचे मोठे पंडित झालेले. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते जरूर मिळवावे, मराठीत अशी पुस्तके थोडी आहेत. दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. घरात त्यांना बाबा म्हणत. सुरुवातीचे शिक्षण पुण्यात झाले. १९१८ मध्ये धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठातील पाली ग्रंथाच्या कामासाठी अमेरिकेला निघाले, तेव्हा अकरा वर्षांचे बाबा आणि थोरली बहीण माणिक त्यांच्याबरोबर गेले. पुढे बाबा हार्वर्डमधूनच १९२९ साली अत्युच्च श्रेणीत पदवीधर झाले आणि तिथे न रमता मायदेशी परतले.

आधी बनारस, मग अलीगढ. अलीगढला त्यांना बोलावले ते आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने. तिथे एक गंमत घडली. एका सहकाऱ्याची जिरवण्यासाठी वेल यांच्या सल्ल्याने कोसंबींनी १९३१ मध्ये एक शोधनिबंध छापला आणि त्यातल्या प्रमेयाचे श्रेय बूर्बाकी नावाच्या, मुळात अस्तित्वातच नसलेल्या, रशियन गणितज्ञाला देऊन टाकले. काही वर्षांनी फ्रान्समधल्या एका गणिती मंडळाने हेच टोपणनाव घेतले आणि ते जगप्रसिद्ध झाले. म्हणजे बूर्बाकी हे नाव गणिताच्या नियतकालिकात पहिल्यांदा छापले गेले ते आपल्या गोवेकराच्या लेखणीतून! त्याच साली नलिनी माडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेली. १९३४ मध्ये रामानुजन पारितोषिक मिळाले. पण आमच्या मते पुण्याच्या या काळातले खरे नवल त्यांच्या तराजूत होते. सांख्यिकी स्वतः करून शिकायची म्हणून त्यांनी नाणी तोलायला घेतली. तक्षशिलेला सापडलेली दोन हजार वर्षांपूर्वीची चांदीची आहत नाणी घेऊन त्यांनी एकेकाचे वजन केले. विचार साधा होता. नाणे हातोहात फिरले की झिजते. जितके जास्त फिरेल तितके हलके होईल, आणि एकाच वयाच्या नाण्यांच्या वजनांतले अंतरही वाढत जाईल. हे खरे की नाही, हे पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली, ज्यांवर साल छापलेले असते अशी हजारो चलनी नाणीसुद्धा तोलली. मग जुन्या नाण्यांच्या पाठीवरच्या बारीक ठशांकडे ते वळले. ज्या नाण्यावर असे ठसे अधिक, त्याचे वजन कमी. यावरून त्यांनी ताडले की हे ठसे सराफ-व्यापाऱ्यांनी वेळोवेळी पारख करताना मारलेले असावेत. सोनाराच्या पेढीवर बसलेल्या माणसाला हे लगेच पटेल. धातूच्या झिजेतून कालक्रम लावायची ही रीत इतिहासाला गणिताने दिली. पुढे नाण्यांवरची चिन्हे कोणत्या राजांची, हा प्रश्न त्यांना प्राचीन इतिहासात खोल घेऊन गेला आणि १९५६ चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ त्याच वाटेवरचा.

याच काळात, १९४४ च्या सुमारास, त्यांनी जीवशास्त्रात अवघ्या चार पानांचा एक निबंध लिहिला. गुणसूत्रावर जनुके मण्यांसारखी ओळीने असतात. पुढच्या पिढीत जाताना गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि जवळची जनुके सहसा बरोबर राहतात, दूरची सुटतात. किती वेळा सुटली यावरून अंतर काढायचे. हॉल्डेन यांचे सूत्र १९१९ पासून होते, पण एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होणे अवघड जाते, ही गोष्ट त्यात धरलेली नव्हती. कोसंबींनी ती धरली. दोन जनुके शंभरात वीस वेळा सुटत असतील तर हॉल्डेन यांच्या हिशेबाने त्यांच्यातले अंतर साडेपंचवीस एकक येते, कोसंबींच्या हिशेबाने एकवीसच्या थोडे वर. फरक वाटतो लहान, पण आजही पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारे शास्त्रज्ञ संगणकात कोसंबींचे सूत्र रोज वापरतात. आपल्या शिवारातल्या भाताचे किंवा तंबाखूचे वाण सुधारणाऱ्याला ते नाव ओळखीचे असते. मात्र हे कोसंबी म्हणजेच इतिहासकार कोसंबी, याची त्यालाही कल्पना नसावी.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. राहणे पुण्यात, काम मुंबईत, डेक्कन क्वीनने येणे-जाणे. या प्रवासात पुस्तके आणि टिपणे चालत. १९४८-४९ मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला जाऊन आले. आइनस्टाइनशी त्यांच्या भेटी झाल्या. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही याच सुमारास प्रसिद्ध झाली.

आता जिथे आमचेही मन थबकते तो भाग. २, ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्या मोजत गेलो तर शंभराच्या आत २५ आणि हजाराच्या आत १६८ सापडतात. पुढे त्या विरळ होत जातात. किती बेताने, याविषयी रीमान यांनी १८५९ मध्ये एक तर्क मांडला. तो अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेला नाही. कोसंबींना वाटले की मूळ संख्या योग्य अंतरांत तपासल्या तर त्यांचे वाटप निव्वळ यदृच्छेच्या नियमाने चालते, आणि त्यातूनच सिद्धता मिळेल. तर्काला शंभर वर्षे होत आली तेव्हा त्यांनी आपला दावा छापला, तोही कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात! संख्या सिद्धांताच्या जाणकारांना तो पटला नाही. युक्तिवादात पोकळ्या होत्या. ज्याने नाण्यांत इतकी सावधगिरी बाळगली, त्याने इथे घाई का केली, हे कोडे आम्हाला सुटत नाही. कदाचित सांख्यिकीने इतरत्र इतके दिले होते की मूळ संख्याही तिला नाही म्हणणार नाहीत, असे त्यांना वाटले असेल. स्वभाव तिखट होताच, चूक दाखवणाऱ्याचे ऐकून घेणे त्यांना जड गेले.

संस्थेशी त्यांचे संबंध आधीच ताणलेले होते. त्यांचे लक्ष इतिहासात फार गुंतले आहे, असे तिथल्या गणितज्ञांना वाटे. शांतता चळवळीतले त्यांचे काम आणि अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा आग्रह, हेही भाभांच्या संस्थेत सहज पचणारे नव्हते. १९६२ मध्ये त्यांचा करार वाढवला गेला नाही. सतरा वर्षांच्या नोकरीनंतर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते पुण्याच्या घरी आले. टेकड्यांवर फिरून पाषाणयुगातली बारीक दगडी हत्यारे गोळा करणे चालूच होते. भारतीय संस्कृतीवरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९६५ मध्ये निघाला. जवळपास सगळे लेखन इंग्रजीत. धर्मानंदांनी मराठीला इतके दिले, तेव्हा मुलाने थोडे तरी आपल्या भाषेत लिहायला हवे होते, ही खंत सीमाभागातल्या आम्हा मराठी वाचकांना जास्तच वाटते.

मूळ संख्यांचा नाद मात्र सुटला नाही. एस. ड्युक्रे या टोपणनावानेही त्यांनी त्यावर निबंध छापले. शेवटी शेवटी त्यांनी मूळ संख्यांवर एक पुस्तक लिहून पुरे केले आणि प्रकाशकाकडे टपालाने धाडले. थोड्याच दिवसांनी, २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते ५८. त्या पुस्तकाचे हस्तलिखित पुढे कुठेच सापडले नाही.