एका ओळीत मावणारा कारखाना

बेळगावात किर्लोस्कर रस्ता ठाऊक नसलेला माणूस विरळाच. ज्यांच्या आडनावाने हा रस्ता ओळखला जातो, त्यांचा कारखाना मात्र या शहरात टिकू शकला नाही. 1910 साली तो येथून उठला आणि मिरजेपलीकडच्या एका उजाड माळावर जाऊन वसला. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांच्या आयुष्यातील हे स्थलांतर अनेकदा सांगितले जाते. निवडुंगाचा माळ, साप, राजाने दिलेली जमीन, हे सारे आपल्या कानांवरून गेलेले असते. त्या माळावर मूठभर माणसे त्यांच्यामागून का गेली, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो. आज धंद्याचे धोरण शंभर पानांच्या दस्तऐवजात मांडण्याची रीत पडली आहे. अशा काळात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासारखे आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमले नाही; चित्रांत आणि यंत्रांत रमले. वडील काशिनाथपंत यांची त्याला फारशी अनुकूलता नव्हती. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि 1885 साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षांनी ध्यानात आले, की त्यांना काही रंगांतील फरक नीट कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? मात्र हात रेषेत पक्का होता. रंग सोडून त्यांनी यंत्रांची रेखाटने जवळ केली आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यांत्रिक रेखाटन शिकवण्याची नोकरी मिळवली. शिकवता शिकवता ते तेथील कार्यशाळेत स्वतःही शिकत राहिले.

याच काळात बेळगावात दोघा भावांचे सायकलींचे दुकान सुरू झाले. 1888 हे किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचे आरंभवर्ष मानले जाते. धाकट्याने मुंबईहून सायकली पाठवायच्या, थोरल्याने त्या बेळगावात विकायच्या आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायच्या, अशी कामाची वाटणी होती. पुढे नोकरीत बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले, हे दिसताच लक्ष्मणरावांनी मुंबई सोडली आणि ते बेळगावला परतले.

सायकलीकडून नांगराकडे

सायकलींचा व्यवसाय वाईट नव्हता. पण तो दुसऱ्याने बनवलेला माल विकण्याचा व्यवसाय होता आणि त्याचे गिऱ्हाईक शहरातील मोजकी सुखवस्तू माणसे होती. लक्ष्मणरावांना स्वतः वस्तू घडवायची होती. शहराच्या वेशीबाहेर पाऊल टाकले, की तिची गरज कोणाला आहे हे दिसत होते. शेतकरी कडबा हाताने तोडत होता. त्यातला बराचसा वाया जात होता. लाकडी नांगर जमीन उकरत होता, पण काळ्या रानात खोल मुरलेली हरळी आणि कुंदा त्याला उपसत नव्हता. किर्लोस्करांच्या लहानशा कारखान्यात आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

येथे धंद्याच्या पहिल्या खऱ्या परीक्षेला सुरुवात झाली. नांगर तयार होता, गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत रुजलेला होता. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागल्याचे सांगितले जाते. ज्याच्या हाती सायकलींचा चालता व्यवसाय आहे, अशा माणसाला या दोन वर्षांत नांगराचा नाद सोडून देण्यास कोणीही दोष दिला नसता. लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही. शेतकऱ्याचे शिवारातील काम हलके करणारी यंत्रे आपण येथेच, आपल्या माणसांच्या हातून घडवायची, हा त्यांचा निश्चय होता.

या निश्चयाची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात गिऱ्हाईक ठरलेले आहे: शेतकरी. वस्तू ठरलेली आहे: शेताच्या कामाची यंत्रे. मार्गही ठरलेला आहे: परदेशी माल आणून न विकता स्वतः ओतायचे, घडवायचे. जे करायचे नाही, तेही त्यातच आले. एवढे नेमके धोरण असले, की भट्टीवर उभ्या असलेल्या माणसालाही आपण कशासाठी घाम गाळतो हे सांगावे लागत नाही. ओतकामात पोकळी राहिली तर तो फाळ कोणाच्या शेतात मोडणार आहे, हे त्याला ठाऊक असते.

नोटीस आणि माळ

अशातच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी जागा रिकामी करण्यास सांगितले. कारखाना म्हणजे दुकान नव्हे. भट्टी, यंत्रे, साचे, साठवलेला माल आणि या सगळ्यांवर अवलंबून असलेली कुटुंबे एका आठवड्यात हलत नाहीत. शिवाय हाती भांडवल नव्हते. या पेचातून वाट काढली ती औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. लक्ष्मणरावांशी त्यांचा आधीचा परिचय होता. आपल्या संस्थानात, कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ, त्यांनी 32 एकर जमीन देऊ केली आणि 10,000 रुपयांचे कर्ज बिनव्याजी दिले.

जमीन विनासायास मिळाली होती, पण ती निवडुंगाने भरलेली होती. पाण्याची ददात होती, सापांचा सुळसुळाट होता. तिच्या बाजूने एकच मोठी गोष्ट होती: जवळून जाणारी रेल्वे. कच्चे लोखंड आणि कोळसा आणायचा आणि जड नांगर गावोगावी पाठवायचे, तर मालगाडी दाराशी हवी. 10 मार्च 1910 रोजी तेथे मुक्काम पडला आणि किर्लोस्करवाडी जन्माला आली. देशातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते.

पाच माणसे, पाच कामे

या माळावर लक्ष्मणरावांसोबत कोण होते, हे पाहिले की त्यांच्या धोरणाची दुसरी बाजू दिसते. वसाहतीची आखणी आणि तिचा दैनंदिन कारभार रामूअण्णांकडे होता. शंभोराव जांभेकर हे बिघडलेल्या यंत्राला बोलते करणारे जाणकार. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. के. के. कुलकर्णी व्यवस्थापनाची नाना कामे उचलत. अनंतराव फळणीकर यांना शाळेत यश आले नव्हते. कारखान्यात ते कल्पक यंत्रज्ञ झाले. यांपैकी कोणाकडेही आजच्या अर्थाने व्यवस्थापनाची पदवी नव्हती. शाळेत न रमलेल्या लक्ष्मणरावांनी शाळेत अपयशी ठरलेल्याला हाताशी धरावे, यात नवल नाही. नवल हे, की माणूस निवडताना त्यांनी त्याचे प्रमाणपत्र पाहिले नाही. त्याला काय जमते तेवढेच पाहिले आणि ते काम पूर्णपणे त्याच्या हवाली केले.

हा विश्वास कारखान्याच्या आतल्या वर्तुळापुरता नव्हता. समाजाने गुन्हेगार म्हणून दूर लोटलेल्या माणसांकडे त्यांनी वसाहतीच्या राखणीचे काम सोपवले आणि त्यांनी ते निष्ठेने पार पाडले. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रामीण महाराष्ट्रात हे ठरवणे सोपे नव्हते. रोजच्या पाण्यापासून शेजारापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्याची कसोटी लागत असणार. एकाच भट्टीवर काम करणाऱ्यांनी पाणवठ्यावर वेगळे व्हावे, ही विसंगती त्यांनी आपल्या वाडीत चालू दिली नाही.

1920 साली किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवणे हा त्याचा मूळ हेतू. त्यातून पुढे मराठीतील एक महत्त्वाचे मासिक उभे राहिले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे नोंदवायचे ते इतकेच, की नांगर ओतणे जेवढे गरजेचे, तेवढेच तो कशासाठी ओतला हे सांगणेही गरजेचे, हे या कारखान्याने फार लवकर ओळखले होते. लोखंडाने जमीन विटाळते, या समजाशी झालेल्या झटापटीने त्यांना ते शिकवले असावे.

ओळ वाढते, तेव्हा

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप असा माल वाडीतून बाहेर पडू लागला. 1926 साली सेंट्रिफ्यूगल पंप आला. वस्तू वाढल्या, पण गिऱ्हाईक तेच राहिले. विहिरीचे पाणी उपसून पिकाला देणे, हे नांगरणीच्या पुढचेच पाऊल होते.

त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून पदवी घेऊन बाहेर पडले. पुढच्या पिढीच्या महत्त्वाकांक्षा मोठ्या होत्या: इंजिने, विजेच्या मोटारी, लेथसारखी यंत्रे घडवणारी यंत्रे. हे सारे एका माळावर, एका छपराखाली कोंबण्याचा मोह झाला असता तर जुनी ओळ पुसट झाली असती. तसे घडले नाही. 1941 साली हरिहर येथे यंत्रावजारांसाठी म्हैसूर किर्लोस्कर, तर 1946 साली बंगळूर येथे विजेच्या यंत्रांसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्यात इंजिनांसाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. काम वेगळे, तर कंपनी वेगळी आणि गावही वेगळे. प्रत्येक ठिकाणच्या माणसाला आपण काय बनवतो हे एका दमात सांगता यावे, अशी ही मांडणी होती.

या आयुष्याला यशाची सरळ चढण समजणे चुकीचे ठरेल. मध्यंतरी लक्ष्मणरावांनी औंध संस्थानचे दिवाणपदही सांभाळले. गांधीजींच्या हत्येनंतर 1948 मध्ये उसळलेल्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली आणि कारखान्याचे मोठे नुकसान झाले. निवडुंग काढून उभे केलेले काम वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जळालेले पाहणे त्यांच्या वाट्याला आले. कारखाना पुन्हा चालू झाला आणि त्याच जागी चालू राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. 1969 साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आजच्या उद्योजकाने यातून काय घ्यावे? लोखंडी नांगर नक्कीच नव्हे. त्या नांगराचे काम आता ट्रॅक्टर करतो. घेण्याजोगी आहे ती कसोटी. आपल्या कारखान्यातल्या, दुकानातल्या किंवा कचेरीतल्या सर्वांत नव्या माणसाला विचारावे, की आपण कोणासाठी, काय आणि कसे करतो. त्याचे उत्तर आणि मालकाचे उत्तर एकच निघाले, तर शंभर पानी दस्तऐवजाची निकड उरत नाही. दोन उत्तरे निघाली, तर तो दस्तऐवज कितीही देखणा असला तरी कपाटातच राहणार.

ज्या कुंडल रोड स्थानकाने लक्ष्मणरावांना त्या माळाकडे ओढले, त्याचे नावही पुढे बदलले. मिरजेहून पुण्याकडे जाताना फलाटावरच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले दिसते.