डब्यातल्या त्या बायका

दर गुरुवारी आमच्याकडे पोथी असते. सासूबाई होत्या तोवर त्या वाचायच्या, आता मी वाचते. दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये शेगावला लिहिलेली ‘गजानन विजय’, एकवीस अध्यायांची. आम्हा बाळापूरच्या बायकांना तिची जरा जास्तच ओढ, कारण आमचं गाव तिच्यात येतं.

गजानन महाराजांची गोष्ट तुम्हाला पाठच असेल. २३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी. शेगावात देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अगरवालांना दिसला. अंगात जुनी बंडी, जवळ पाणी प्यायचा भोपळा. कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. पुढे ती बंडीही गेली. भक्तांनी भारी वस्त्रं पांघरली, तरी ती महाराजांच्या अंगावर टिकत नसत.

आमच्या बाळापुरातच सुखलाल बन्सीलाल यांच्या बैठकीसमोर महाराज असे दिगंबर बसले होते. येणारे-जाणारे हात जोडत होते. एका हवालदाराला मात्र ते पाहवलं नाही. भर रस्त्यात नागवा बसतो म्हणून त्यानं महाराजांना छडीनं मारलं. एका दुकानदारानं अडवलं, तरी ऐकलं नाही. पुढे लवकरच हवालदाराचा अंत झाला, असं पोथी सांगते.

लहानपणी एवढं ऐकून मी खूश व्हायचे. बरी अद्दल घडली! पण आगगाडीचा प्रसंग आला की गप्प व्हायचे.

अकोल्याहून मलकापूरला जाताना महाराज जाऊन बसले ते नेमके बायकांच्या डब्यात. बायका घाबरल्या, तक्रार झाली, पोलीस आले आणि खटला उभा राहिला. बापूसाहेब जठार हे अधिकारी शेगावला त्याची सुनावणी करायला आले. भास्कर पाटलांनी महाराजांना धोतर नेसवून नेलं, तर ते वाटेतच गळून पडलं. जठारांनी महाराजांना खुर्ची दिली, चार शब्द बोलले आणि ओळखलं, की या माणसाला अंगावर काही नाही याची जाणीवच नाही. महाराजांना दोष दिला नाही. दंड मात्र केला, पाच रुपये, भास्कर पाटलांना. सांभाळायला हवं होतं ते तुम्ही, म्हणून.

मी कॉलेजात असताना बसस्टँडवर एका माणसानं मुद्दाम आम्हा मुलींसमोर घाणेरडा प्रकार केला होता. घरी सांगितलं, तर आईनं उलट मलाच विचारलं, तिकडे पाहिलंसच कशाला? तेव्हापासून त्या डब्यातल्या बायका मला परक्या वाटत नाहीत. समोर बसलेला माणूस संत आहे हे त्यांना कसं कळावं बाप्पा? पोथीत त्यांची नावंही नाहीत. पण त्यांची भीती जठारांनी खोटी ठरवली नाही. एकाच निकालात महाराजांचा मान राहिला आणि बायकांचाही.

८ सप्टेंबर १९१० ला, ऋषिपंचमीला, महाराजांनी शेगावात समाधी घेतली. आज देवघरातल्या उघड्या अंगाच्या तसबिरीला आपण रोज हळद-कुंकू वाहतो, संकोचाचा विचारही मनात येत नाही.

आता चौकात जिमचा फलक लागलाय. शर्ट काढलेली, दंड फुगवलेली पोरं. माझा मुलगाही आरशासमोर उभा राहून मोबाइलवर फोटो काढतो. आमचे आजोबा वावरात लंगोटीवर राबायचे, त्यांच्याकडे कुणी पाहत नसे आणि त्यांनाही कुणी पाहावं असं वाटत नसे. मुलाला मी रागावत नाही. अंग कमावलं, चांगलंच केलं. एवढंच सांगितलं, बाबा, समोरची मुलगी अवघडली तर चूक तिच्या नजरेची म्हणू नकोस, सांभाळायचं तू.

तो हसला. पण पुढच्या गुरुवारी पोथीला येऊन बसला. मी मुद्दाम आगगाडीचाच अध्याय काढला.

मैत्रिणींनो, तुम्हीही वाचाल तेव्हा त्या डब्याशी क्षणभर थांबा.